तंबोरा आणि कापलेला स्पीकर

आमच्या जसोंडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे नाना एका संध्याकाळी घरी आले, तेव्हा ओसरीवर रेकॉर्ड चालू होती. दोन मिनिटं त्यांनी उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाले, “हा धांगडधिंगा तू पैसे देऊन आणतोस?”

नानांचा कान मला ठाऊक आहे. भजनात कुणाचा स्वर जरासा उतरला तरी भात्यावरचा त्यांचा डावा हात थबकतो. म्हणून त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही. शिवाय हे मत एकट्या नानांचं नाही. गाणं समजणाऱ्या मराठी माणसांपैकी दहातले नऊ जण रॉक आणि मेटलबद्दल हेच बोलतात, आणि त्यासाठी ‘धांगडधिंगा’ हाच शब्द वापरतात. शब्द इतका आयता मिळाला आहे की ऐकायच्या आधीच तो तोंडात येतो.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. तो असा: या संगीतात सूर नाही, आहे तो गोंगाट. लय आहे म्हणावी तर ती पाय आपटण्यापुरती. मागे साधना नाही, गिटार गळ्यात अडकवली की झालं. आणि मुख्य म्हणजे हे आपलं नाही, मोठ्या शहरांतल्या खात्यापित्या घरच्या पोरांनी परदेशातून उचललेलं खूळ आहे. त्यात सैतान, नशा वगैरे आरोपांची भर पडतेच. जाणकारांचा आक्षेप याहून बारीक असतो. ते म्हणतात, आपलं संगीत एका स्वराभोवती थांबायला शिकवतं आणि हे संगीत थांबूच देत नाही. या शेवटच्या आक्षेपाचा मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो, कारण तो ऐकणाऱ्याचा आहे.

गेल्या तीन-चार महिन्यांत माझ्या संग्रहात आठ अल्बमची भर पडली. काही इंदूरच्या जुन्या बाजारातून मिळाले, काही मुंबईहून, काही टपालाने आले. पूर्वपक्षातला एकेक आरोप मी या आठांवर लावून पाहिला. कुठे तो टिकतो आणि कुठे गळून पडतो, तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात त्या संध्याकाळी वाजत असलेल्या रेकॉर्डपासून करतो. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा हा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. बँडचं नाव, अल्बमचं नाव आणि पहिल्या गाण्याचं नाव एकच आहे. गाणं पावसाच्या आणि घंटेच्या आवाजाने उघडतं, मग गिटार येते. गिटार तीनच स्वर वाजवते: षड्ज, तार षड्ज, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. चाल संथ आहे. तिसऱ्या स्वरावर वादक टोनी आयोमी थांबतो आणि तो स्वर हलवत ठेवतो. मेटल नावाच्या सगळ्या पसाऱ्याचं मूळ बहुतेक जाणकार या तीन स्वरांपाशी नेऊन ठेवतात. बासवादक गीझर बटलर त्या दिवसांत गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराची मंगळ ग्रहावरची रचना वाजवत असे, आणि तिच्यातूनच या तीन स्वरांची कल्पना आली, असं बँडवाल्यांनी स्वतः सांगितलं आहे.

षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला पश्चिमेकडे ‘सैतानाचा स्वर’ असं टोपणनाव आहे. मध्ययुगात चर्चने या स्वरावर बंदी घातली होती, ही गोष्ट मेटलचे चाहते अभिमानाने सांगतात आणि विरोधक भीतीने. दोघेही चुकतात. अशा बंदीला आधार नाही. ते टोपणनावसुद्धा बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, संगीतशिक्षकांच्या ग्रंथांतून रूढ झालं आणि गाताना हे अंतर टाळावं एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्याला तर या स्वराची भीती वाटायचं काहीच कारण नाही. पूर्वी, पूरिया धनाश्री, मारवा हे दिवस मावळतानाचे राग तीव्र मध्यमावरच उभे आहेत. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी आपल्या मराठी ग्रंथात मध्यमाला ‘अध्वदर्शक’, म्हणजे वाट दाखवणारा स्वर म्हटलं. मध्यम शुद्ध की तीव्र, यावरून रागाची वेळ कळते हा त्यांचा सिद्धान्त. दिवेलागणीला मनात जी हुरहूर दाटते, तिच्याशी हा स्वर आपल्याकडे कित्येक पिढ्या बांधलेला आहे. सॅबथच्या त्या गाण्यात भीती आहे हे खरं, पण ती नेमक्या स्वराने आणलेली भीती आहे. सूर नसता तर ती आलीच नसती.

हे मी नानांना सांगितलं नाही. रेकॉर्डची सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि तिसऱ्या स्वराकडे लक्ष द्या, एवढंच म्हटलं. या वेळी ते बसून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “मध्यमावरून तो पंचमाला शिवून परत येतोय.” बरोबर होतं. त्या स्वराचं हलणं म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यातली भराभर ये-जा. इतकी वर्षं हे गाणं ऐकून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आठ-नऊ वाक्यांचा माझा युक्तिवाद तयार होता, नानांच्या कानाने तो एका वाक्यात संपवला.

अर्थात मत त्यांनी बदललं नाही. “सूर असेल, पण त्याच्यावर चिखल का फासलाय?” असं ते म्हणाले. चिखल म्हणजे गिटारचा तो फाटलेला, घरघरणारा आवाज. मेटलला गोंगाट म्हणणाऱ्यांचा खरा अडथळा तिथेच असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

हा फाटलेला आवाज आधी हौसेने बिघडवून मिळवलेला आहे. अमेरिकेतल्या लिंक रे या गिटारवादकाने १९५८ सालच्या एका ध्वनिमुद्रणासाठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. इंग्लंडच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने कापला. दोघांना तोच स्वर हवा होता, पण त्यात नसलेलं काहीतरी त्यात आणायचं होतं. ते काहीतरी म्हणजे स्वयंभू स्वर. साधी तार एक मूळ स्वर देते आणि त्याच्या वरचे उपस्वर क्षीण राहतात. आवाज फाटला की हे दबलेले उपस्वर वर येतात आणि एका तारेतून स्वरांचा थवा उठतो.

आता तंबोऱ्याकडे या. माझ्या आत्याचा मिरजेचा तंबोरा आमच्या घरात आहे. घोडीवर तारेच्या खाली ती सुताचा एक बारीक दोरा सरकवत असे. दोरा जागेवर नसला की तार ‘टण्ण’ वाजते आणि विझते. नखाने दोरा केसभर पुढेमागे करता करता एका क्षणी तार घोडीच्या पाठीला निसटती घासायला लागते, आणि एकाएकी आवाज उघडतो, झणझणत वर चढतो. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या पसरट घोडीमुळे असे उपस्वर निर्माण होतात, जे एरवीच्या नियमाप्रमाणे त्या तारेतून उमटायलाच नकोत. तार जिथे छेडली तिथे शांत राहायला हवेत असे उपस्वरसुद्धा जवारी जागे करते. दोरा आणि दाढीचं पातं ही दोन हत्यारं वेगळी आहेत. काम एकच आहे: स्वच्छ स्वराला मुद्दाम खरखरीत करायचं, म्हणजे त्याच्या पोटातले स्वर बाहेर येतील.

साम्य इथे संपत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज अशा लावतात. मेटलमध्ये गिटारवर सर्वांत जास्त वाजणारी स्वरजोडी, जिला वादक पॉवर कॉर्ड म्हणतात, तीही षड्ज आणि पंचम एवढीच असते. गंधार त्यात घालत नाहीत. का? कारण फाटलेल्या आवाजात गंधार मिसळला की उपस्वर एकमेकांवर आपटतात आणि सगळं गढूळ होतं. पंचम मात्र जितका फाटेल तितका भरतो. गिटारच्या सगळ्यांत जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ८२. तिचा पंचम सुमारे १२३. दोन्ही फाटलेल्या आवाजात एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे ४१ कंपनांचा, तिसरा स्वर यंत्रातच तयार होतो. ४१ ही ८२ ची निमपट, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा खर्ज. कुणीही न छेडलेला षड्ज. तंबोरा जुळला की न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो, हे आपल्याकडे प्रत्येक शिष्याला सांगतात. मेटलमध्ये न वाजवलेला खर्ज ऐकू येतो. ज्या संगीताचा पाया षड्ज-पंचमाच्या या नात्यावर रचला आहे, त्याला बेसूर म्हणता येत नाही. कर्कश म्हणा. कर्कश हा रुचीचा शब्द आहे, त्यावर माझं भांडण नाही.

नानांनी यावर एक फरक दाखवला आणि तो मला मान्य आहे. जवारी गळ्यासाठी असते. ती मागे राहते आणि गाणाऱ्याला धरून ठेवते. फाटकी गिटार स्वतःच पुढे येऊन बोलते. म्हणजे आधाराचं वाद्य इथे मुख्य झालं आहे. पण हा रचनेतला फरक झाला. सूर असणं-नसणं त्यावर ठरत नाही.

लयीचा आरोप त्यामानाने लवकर निकालात निघतो. स्वीडनच्या मेशुगा या बँडचा २००२ सालचा ‘नथिंग’ हा अल्बम मला या वेळी सीडीवर मिळाला. त्यांची रीत अशी: ड्रमवाल्याच्या उजव्या हातातली झांज चार-चारच्या सरळ ठोक्यावर चालू राहते. गिटार आणि पायाचा ड्रम मात्र विषम मात्रांचा एक तुकडा घेऊन त्याच्यावरून फिरत राहतात. उदाहरणापुरता हिशेब करू. तुकडा २५ मात्रांचा असेल तर तो पाच वेळा वाजल्यावर १२५ होतात. त्यात तीन मात्रांचं शेपूट जोडलं की १२८, म्हणजे बरोबर १६ ची आठ आवर्तनं, आणि सगळे एकत्र समेवर. आपल्या तबलजीला यात नवीन काय वाटेल? त्याने तिहाया आणि चक्रदार याच हिशेबाने बांधलेले असतात. माझं प्रामाणिक मत असं की मेशुगाकडे हिशेब उत्तम आहे, पण समेवर येण्याचा आनंद ते श्रोत्याला उघड करून देत नाहीत. आपला तबलजी समेवर मान हलवतो आणि सभा त्याच्याबरोबर हलते. यांच्याकडे सम येते आणि निघून जाते. ऐकणाऱ्याने ती स्वतः मोजून काढायची. चार वेळा ऐकल्याशिवाय हा अल्बम उघडत नाही, आणि साधना नाही म्हणणाऱ्यांनी तो हाताने टाळी धरून एकदा तरी ऐकावा.

परकेपणाच्या आरोपाला उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. तापीच्या काठावरचं, आमच्या जिल्ह्याचं बुऱ्हाणपूरच पुरेसं आहे. सोळाव्या शतकात, खानदेशावर फारुकी घराण्याची सत्ता होती तेव्हा, कर्नाटकातला एक ब्राह्मण पंडित इकडे आला. त्याचं नाव पुंडरीक विठ्ठल. फारुकी राजा बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दक्षिणेत शिकलेल्या या माणसाने उत्तरेचं गाणं ऐकलं, दोहोंचा मेळ घालायचा प्रयत्न केला आणि पुढे कछवाहा राजपुतांच्या व अकबराच्या छायेत आणखी ग्रंथ रचले. त्यांतल्या ‘रागमंजरी’त त्याने इराणी धुनांची यादीच दिली आहे, आणि त्यांतली कोणती आपल्या कोणत्या रागाच्या जवळची, हे जोडून दाखवलं आहे. परकं म्हणून बाजूला टाकलं नाही, भुलून डोक्यावरही घेतलं नाही. स्वर तपासले आणि जागा नेमली. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावी साडेचारशे वर्षांपूर्वी संगीतशास्त्रज्ञ असा वागला, तिथे बसून ‘हे आपलं नाही’ एवढ्यावर थांबणं मला कमीपणाचं वाटतं. वर मी सॅबथच्या मध्यमाबद्दल जे केलं, त्याची वाट पुंडरीकाने घालून दिलेली आहे.

आणि नानांची पेटी? ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिला हद्दपार केलं, कारण तिचे स्वर ठरीव, तिला मींड नाही, ती परकी. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या आणि आमच्या इकडच्या एकाही देवळातली पेटी बंद पडली नाही. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी ती नाटकमंडळींत आणि मैफलीत केव्हाच मराठी करून टाकली होती. त्या काळी पेटीविरुद्ध मांडलेली कारणं आज गिटारविरुद्ध जशीच्या तशी ऐकू येतात.

मराठी माणसाचा रॉकशी संबंध नाही, हेही वस्तुस्थितीला धरून नाही. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे हा सत्तरच्या दशकात मुंबईतल्या रॉक बँडांचा अव्वल गायक होता. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडासची भूमिका केली, आणि तोच १९७८ साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश म्हणून मराठी रंगभूमीवर उभा राहिला. जब्बार पटेलांनी बसवलेल्या त्या नाटकात लावणी, नाट्यगीत आणि रॉक शेजारी शेजारी नांदले. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेला आणि त्याची मराठीत जेवढी आठवण राहायला हवी होती तेवढी राहिली नाही. याची मला खंत आहे. पुढे क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झालेला फारोख बलसारा आपल्या पाचगणीच्या शाळेत १९५८ साली पहिल्यांदा बँडमध्ये पियानोवर बसला. आमच्या बाजूला पाहायचं तर इंदूरच्या निकोटिन या मेटल बँडने २००६ पासून माळव्यात हे संगीत रुजवलं आहे. मोठं शहर, समुद्र, इंग्रजी शाळा यांच्याशिवाय हे उगवत नाही, असं म्हणणाऱ्यांनी इंदूरकडे पाहावं.

या वेळच्या आठांत मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ सालचा ‘दशावतार’ आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. मला तो अर्धाच पटला. विषय आपला घेतला म्हणून संगीत आपलं होत नाही. अवतार बदलला तरी गाण्याचा पिंड बदलत नाही, नरसिंहाचा क्रोध आणि बुद्धाची शांती जवळजवळ एकाच अंगाने येतात. याच्या शेजारी ब्राझीलच्या सेपुल्तुराचा १९९६ सालचा ‘रूट्स’ ठेवला की फरक कळतो. त्या मंडळींनी शावांते आदिवासींच्या गावी जाऊन त्यांच्याबरोबर गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यांच्याकडची ढोलवाद्यं मधोमध आणली आणि गिटारच त्या तालाला वाकवली. आपल्याकडे संबळ आहे, हलगी आहे, डफ आहे. संबळाच्या चालीवर गिटार वाकवलेला मराठी मेटल अल्बम माझ्या हाती अजून आलेला नाही, आणि त्याची मी मनापासून वाट पाहतो आहे.

आता खात्यापित्या पोरांचं खूळ या आरोपाकडे. तो मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण मी यंत्रमागांचा आवाज ऐकत वाढलेल्यांपैकी आहे. बुऱ्हाणपूरच्या ज्या गल्ल्यांत पॉवरलूम चालतात, तिथे बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. धोटा एका टोकाला आपटतो, परततो, दुसऱ्या टोकाला आपटतो. मिनिटाला शंभराच्या वर ठोके, असे शेकडो माग एका वस्तीत, आणि कुठल्याही दोघांचा ठोका जुळलेला नसतो. लहानपणी मामाकडे गेलो की रात्री झोप त्या आवाजातच लागायची, आणि वीज गेली की जाग यायची.

सॅबथच्या आयोमीचं बर्मिंगहॅम असंच कारखान्यांचं शहर होतं. १९६५ साली तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. वाजवणं संपलं असंच त्याने धरलं होतं. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या मुकादमाने त्याला एक रेकॉर्ड आणून दिली. ती जँगो राइनहार्टची होती. आगीत हात भाजल्यावर दोन बोटं निकामी होऊनही गिटार वाजवणारा हा मोठा कलावंत. मुकादमाने कामगाराला रेकॉर्ड दिली, आणि त्या रेकॉर्डमुळे पुढचं सगळं घडलं. आयुष्यभर रेकॉर्डी गोळा करणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाचताना काय वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

आयोमीने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या. पुढे तारांचा ताण बोटांना सोसावा म्हणून सॅबथच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी उतरवली. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन सोडून काळी एक धरली. पश्चिमेला स्वराची पट्टी ठरलेली असते. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या गळ्याचा षड्ज वेगळा. आयोमीने कुणाकडून न शिकता तेच केलं, आपल्या जखमी हाताला झेपेल तिथे षड्ज नेऊन ठेवला. मेटलचा तो जड, खालचा आवाज फॅशनमधून आला नाही, कारखान्यात कापल्या गेलेल्या दोन बोटांतून आला. हा अल्बम मला आठांत सर्वांत प्रिय आहे. यात गिटार आणि बास एकाच स्वरात चालतात, मध्ये मोकळी जागा ठेवतात आणि घाई करत नाहीत. धोट्याच्या ठोक्यात वाढलेल्या कानाला तो पहिल्याच ऐकण्यात ओळखीचा वाटतो.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते खरंच म्हटलं पाहिजे. मेटॅलिकाचा २००८ सालचा ‘डेथ मॅग्नेटिक’ मी घेतला आणि पस्तावलो. गाणी चांगली आहेत, पण ध्वनिमुद्रणात सगळा आवाज वरच्या मर्यादेला इतका दाबून चिकटवला आहे की लहान-मोठं काही उरत नाही. ढोलाचा प्रत्येक ठोका तुटून येतो. एका व्हिडिओ गेमसाठी दिलेल्या याच गाण्यांच्या प्रतीत हा दोष नव्हता, हे चाहत्यांनीच शोधून काढलं आणि जाहीर तक्रार केली. हा अल्बम ऐकून कुणी गोंगाट म्हटलं तर मी गप्प बसेन. त्यांच्याच १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ची जुनी कॅसेटही या वेळी मिळाली. तिच्यात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार सदतीस-अडतीस वर्षं चालू आहे आणि योग्य आहे. पण त्यातलं ‘वन’ हे गाणं युद्धात हात-पाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावलेल्या सैनिकाचं आहे. डाल्टन ट्रम्बोच्या १९३९ सालच्या कादंबरीवरून ते सुचलं. याला नशेचं संगीत म्हणणाऱ्याने ते एकदा अर्थासकट ऐकावं.

सैतानाच्या आरोपाबद्दल: १९९० साली अमेरिकेत रीनो इथे जूडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. त्यांच्या गाण्यात दडवलेल्या छुप्या हुकमामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा दावा होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. मात्र नॉर्वेत १९९२ पासून काही मेटल वादकांनी जुनी लाकडी चर्चं जाळली, खून झाले, शिक्षा झाल्या. ते गुन्हे होते. त्या वादकांचे अल्बम मी घेत नाही, संगीत कितीही चांगलं असलं तरी. हा माझा नियम आहे, इतर संग्राहकांना तो पटत नाही.

राहिला ठहरावाचा आक्षेप, ज्याला मी सुरुवातीला मान दिला. परवा नानांनीही तोच पुढे केला. “स्वर आहे, हिशेब आहे, पण आलाप कुठे आहे? एका स्वरावर बसून राहणं कुठे आहे?” ते म्हणाले. याला उत्तर आठव्या अल्बममध्ये आहे, जो गेल्या आठवड्यात टपालाने आला. अमेरिकेतल्या अर्थ या बँडचा १९९३ सालचा ‘अर्थ २’. जवळजवळ सव्वा तासाचा ऐवज, तुकडे फक्त तीन. गाणारा नाही, ड्रमचा ठेका जवळजवळ नाही. फाटलेल्या गिटारचा एक खोल, अखंड स्वर, आणि त्यात इतक्या सावकाश घडणारे बदल की घडून गेल्यावर कळतात. अर्थचा डिलन कार्लसन ज्यांचं ऋण मानतो त्यांत ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार आहे. आणि ला माँट यंग १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँनी मिरजेत मुक्काम केला, आणि तंबोरा लावण्याचं त्यांचं वेड महाराष्ट्रात अजून सांगितलं जातं. म्हणजे ही फाटकी गिटार दोन-तीन पावलांत आत्याच्या तंबोऱ्याच्या घराण्यापर्यंत पोचते.

मी तो एकदाच ऐकला आहे आणि मत अजून पक्कं झालेलं नाही. पहिल्या तुकड्यातला षड्ज काळी दोनच्या आसपास वाटला, पण खात्री करायला हवी. गुरुवारी भजन नाही. त्या संध्याकाळी नाना यायचे आहेत. आत्याच्या तंबोऱ्याला नवीन तारा चढवून ठेवल्या आहेत. दोरा तेवढा त्यांच्याच हाताने सरकवून घेईन.